इंदूरमध्ये काळ्या गाडीवरचे स्वर्ल (उन्हात जाळ्यासारख्या दिसणाऱ्या बारीक रेघा) नीट काढून देणारा कोणी माहितीये का?

काळी_व्हर्ना_रामबाग

नमस्कार मंडळी, 2021 ची काळी व्हर्ना आहे, घर रामबागेत, गाडी गल्लीतच उभी असते कव्हर घालून. बाबांनी रिटायर झाल्यावर हौसेने घेतलेली, आता मीच चालवतो. इंजिन, सस्पेन्शन, आतलं सगळं व्यवस्थित, पण रंगाकडे उन्हात बघवत नाही. सावलीत एकदम कोरी दिसते आणि राजवाड्याकडे उन्हात लावली की बोनेट, छत, डिकी, सगळीकडे कोळ्याचं जाळं. रात्री पंपावर उभी केली तर विचारूच नका, लाइटभोवती गोल गोल रेघा दिसतात आणि मला दुसरं काही दिसतच नाही.

गेल्या रंगपंचमीनंतर हे फार वाढलंय असं वाटतं. गेरच्या (रंगपंचमीला निघणाऱ्या रंगांच्या मिरवणुकीच्या) दिवशी गाडी आतल्या गल्लीत होती तरी गुलालाचा थर बसला होता, मग वॉशिंग सेंटरला दिली तर तिथल्या पोराने आधी कोरड्या फडक्याने सगळा गुलाल झटकला आणि नंतर पाणी मारलं.

दोन ठिकाणी विचारलंय. एक म्हणतो रबिंग-पॉलिश साडेतीन हजार, सकाळी द्या, दुपारी जेवायच्या आधी घेऊन जा. दुसरा म्हणतो रबिंगच्या भानगडीत पडू नका, थेट सिरॅमिक कोटिंग करा पंचवीस हजारात, स्वर्ल आपोआप झाकले जातील आणि पाच वर्षं बघायला नको. ओळखीचे लोक सांगतात की रबिंगने रंग पातळ होतो, एकदा केलं की गाडी गेली कामातून. मला खरंच कळत नाहीये कोणावर विश्वास ठेवायचा. पैसे खर्च करायची तयारी आहे, पण गाडी अजून बरीच वर्षं ठेवायचीये, त्यामुळे रंगाचं नुकसान नकोय. कोणी काळी गाडी करून घेतली असेल तर सांगा, कुठे केली आणि चांगला माणूस ओळखायचा कसा.


निपानियाचा_डीए

भाऊ, आधी ते गोल रेघांचं सांगतो, कारण ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. त्या रेघा गोल नाहीयेत. त्या सरळ, बारीक, सगळ्या दिशांनी गेलेल्या आहेत, हजारो. लाइट पडला की ज्या रेघा लाइटला आडव्या येतात तेवढ्याच चमकतात म्हणून गोल जाळं दिसतं. मोबाइलचा टॉर्च लावून बोनेटवर हळूहळू सरकवा, जाळं टॉर्चबरोबर सरकतं, कळेल. पांढऱ्या गाडीवरही एवढेच असतात, फक्त काळा रंग बाकीचा सगळा उजेड पिऊन टाकतो आणि रेघेवरून परतलेला तेवढा उठून दिसतो.

या रेघा काळ्या रंगात नाहीत, त्याच्यावर जो पारदर्शक क्लिअर कोट असतो त्यात आहेत. कंपनीचा पूर्ण पेंट साधारण 100 ते 130 मायक्रॉनचा असतो, प्रायमर, बेस, क्लिअर सगळं धरून, आणि त्यात क्लिअर कोट 35 ते 50 च्या आसपास. स्वर्ल काढणं म्हणजे रेघ भरणं नाही, तर रेघेच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअर खाली आणणं. नीट केलेल्या कामात दोन-चार मायक्रॉन जातात. त्यामुळे तुमचे ओळखीचे लोक अगदीच चूक नाहीत, थर पातळ होतोच, पण एकदा नीट केल्याने गाडी कामातून जात नाही. दर दिवाळीला लोकरीचं पॅड लावून रोटरी मशीनने (एकाच जागी गरगर फिरणाऱ्या) घासून घेतली तर मात्र जाते, कारण ऊन झेलणारी रसायनं त्याच क्लिअरमध्ये असतात आणि तो फार पातळ झाला की काही वर्षांनी छतावर, बोनेटवर पापुद्रे सुटायला लागतात. इंदूरच्या मे महिन्यात 42-43 डिग्रीत गल्लीत उभ्या राहणाऱ्या गाडीला तो क्लिअर लागतो, हे डोक्यात ठेवा.

आता तुमच्या दोन्ही दुकानांबद्दल. जेवायच्या आधी गाडी परत देणारा स्वर्ल काढत नाहीये. काळ्या सेडानचं दोन स्टेपचं काम, म्हणजे आधी कंपाउंड (जरा खरखरीत पॉलिश) आणि मग बारीक फिनिशिंग पॉलिश, त्याच्याआधी धुणं, आयर्न रिमूव्हर आणि क्लेने रंगाला चिकटलेली घाण काढणं, टेपिंग, यात एका माणसाचा पूर्ण दिवस जातो, बऱ्याचदा दीड-दोन. तीन-चार तासात जे होतं ते तेलकट ग्लेझ असतं, रेघांमध्ये जाऊन बसतं, गाडी आरशासारखी दिसते, तुम्ही पैसे देऊन खुश होऊन घरी येता आणि चार-पाच वॉशनंतर सगळं जाळं परत वर.

दुसऱ्याचं तर त्याहून वाईट. सिरॅमिक पारदर्शक असतं आणि जाडीला जेमतेम मायक्रॉनभर. ते काही झाकत नाही. उलट खालचे स्वर्ल काचेखाली ठेवल्यासारखे पक्के होतात आणि नंतर काढायचे तर आधी सिरॅमिकच घासून काढावं लागतं. जो माणूस "झाकले जातील" म्हणतो त्याला एकतर माहीत नाही किंवा तो विकतोय.


पलासिया_ते_पाटणीपुरा

मी पण शोधात आहे, म्हणून फॉलो करतोय. डीए दादा, मग माणूस ओळखायचा कसा ते सांगा ना, इंस्टावर तर सगळ्यांचेच फोटो भारी असतात.


निपानियाचा_डीए

फोटोंवर जाऊच नका. फोटो सावलीत काढला, वरून पाणी मारलं की माझ्या शेजारच्याची दहा वर्षं जुनी वॅगन-आर पण भारी दिसते.

दुकानात जाऊन फक्त बघत बसा थोडा वेळ. चांगला माणूस भाव सांगायच्या आधी गाडी बघतो. धुवून बघितल्याशिवाय सांगत नाही, कारण धुळीखाली काय आहे ते त्यालाही दिसत नसतं. मग पेंट थिकनेस गेज लावतो, पॅनलवर चार-पाच जागी, आणि लिहून ठेवतो. तुम्हाला विचारतो की गाडीला कुठे रंग लागलाय का, आधी रबिंग कधी झालंय, गाडी उघड्यावर असते का, कोण धुतं. हे प्रश्न आले नाहीत आणि पहिलं वाक्यच "सर, पॅकेज तीन आहेत, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम" असं आलं तर चहा प्या आणि निघा.

गेजबद्दल एक गोष्ट माहीत असू द्या. तो पूर्ण थर मोजतो, एकट्या क्लिअर कोटचा आकडा देत नाही. आणि साधा गेज धातूवरच चालतो, प्लास्टिकच्या बंपरवर रीडिंग देत नाही. कोणी तुमच्या बंपरवर गेज टेकवून "सर, इथे 110 आहे" म्हणाला तर समजून जा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, टेस्ट स्पॉट मागा. बोनेटवर साधारण दोन बाय दोन फुटांचा चौकोन टेप लावून करून दाखव म्हणा. झाला की तिथे आयपीए म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून मारायला सांगा आणि पुसायला लावा. तेल-ग्लेझ जे असेल ते उडून जातं आणि खरा रंग समोर येतो. मग गाडी उन्हात काढा आणि टेपच्या दोन्ही बाजू बघा. यात पाऊण तास जातो, चांगला माणूस नाही म्हणत नाही, उलट त्यालाच ते हवं असतं, कारण कोणतं पॅड आणि कोणतं कंपाउंड तुमच्या पेंटवर चालतंय हे त्याला तिथेच कळतं. सरळ सगळ्यात कडक कंपाउंड उचलणारा नको. आधी हलकं लावून बघणारा, नाही गेलं तर एक पायरी वर जाणारा, तो पाहिजे.

दुकानाचं नाव इथे टाकत नाही, राग मानू नका. हे काम दुकानाचं नसतं, ज्याच्या हातात मशीन आहे त्याचं असतं. आपल्याकडे पोरं सहा-आठ महिन्यात दुकान बदलतात, मी आज ज्याचं नाव सांगेन तिथे उद्या दुसराच कोणी रोटरी फिरवत असेल. म्हणून विचारायचंच, माझ्या गाडीवर मशीन कोण चालवणार, आणि त्याच्याशीच बोलायचं. निपानिया, बायपास, विजय नगर पट्ट्यात स्टुडिओ बरेच आहेत, दोन-तीन फिरून या, हे प्रश्न विचारा, फरक लगेच कळतो.


बूथवाला_काका

डीए भाऊंनी चांगलं सांगितलंय. मी पेंट बूथमध्ये काम करतो, वयाने तुमच्यापेक्षा मोठा असेन, म्हणून दोन गोष्टी माझ्याकडून.

रामबागवाले, तुमच्या गाडीला कुठे रंग लागलाय का हे तुम्ही लिहिलं नाही. चार वर्षांच्या गाडीला एखादा दरवाजा, एखादा फेंडर लागलेला असतोच आपल्या ट्रॅफिकमध्ये. लागला असेल तर आधीच सांगून टाका, लपवू नका. बाहेर मारलेल्या रंगावर गेज 180-200 किंवा वर दाखवतो, खाली पुट्टी असेल तर त्याच्याही खूप पुढे जातो. लोकांना वाटतं जाड आहे म्हणजे मजबूत, बिनधास्त घासा. तसं नाही. कंपनीचा पेंट 130-140 डिग्रीला भाजलेला असतो. आमच्याकडे प्लास्टिक, वायरिंग सगळं गाडीवरच असतं म्हणून 60 डिग्रीच्या आसपास भाजतो, हार्डनर घालून. बरेचदा हा रंग कंपनीच्या रंगापेक्षा नरम राहतो, लवकर तापतो, पॅडखाली ओढला जातो. जो कंपाउंड बोनेटवर चालला तो त्या दरवाज्यावर चालेलच असं नाही, तिथे वेगळा टेस्ट स्पॉट लागतो.

दुसरं, कडा. बोनेटची कड, दरवाज्याची कड, डिकीची जी धारदार लाइन असते ती, तिथे क्लिअर मुळातच पातळ बसतो कारण ओला असताना कडेवरून सरकतो. नवशिका मशीन तिथेच नेमकं टेकवतो आणि एका सेकंदात क्लिअर उडतो, खालचा काळा पॅडवर यायला लागतो. मग पॅनल रंगवण्याशिवाय इलाज नाही, आणि काळ्याला शेड जुळवणं सोपं असलं तरी शेजारच्या पॅनलवरचं टेक्स्चर जुळत नाही, संत्र्याच्या सालीसारखा जो पोत असतो ना तो. म्हणून ज्या दुकानात कडांना, रबरांना, काळ्या प्लास्टिकला आधी टेप लावलेली दिसते तिथे गाडी द्या. उभ्या गाड्या बघून या, टेप दिसते की नाही.

आणि नख अडकतं अशी रेघ असेल तर ती शंभर टक्के घालवायचा हट्ट धरू नका. कडा मऊ करून घ्या, उन्हात कमी दिसेल, बास. तिच्या मागे लागलात तर आजूबाजूचा सगळा क्लिअर त्या एका रेघेसाठी जातो.


सुदामानगरकर_ताई

सगळे मशीनवर बोलताय, पण रेघा पडतात कशाने ते पण बघा ना, नाहीतर बारा-पंधरा हजार घालून दिवाळीपर्यंत परत तिथेच.

माझी पण काळीच आहे, आय-ट्वेंटी, आणि दोन वर्षांपूर्वी करेक्शन, म्हणजे हेच मशीनने स्वर्ल काढणं, करून घेतलं होतं, आजही उन्हात उभी केली की समाधान वाटतं. ते टिकलं ते फक्त धुण्यामुळे. सोसायटीत जो दादा गाड्या पुसतो त्याच्याकडे एक बादली आणि एक फडकं आणि दहा-बारा गाड्या. पहिल्या गाडीची माती शेवटच्या गाडीवर येते. तो मनापासून काम करतो, पहाटे पाचला थंडीत येतो, त्याचा दोष नाहीच, त्याला कोणी वेगळं सांगितलंच नाही. मी त्याला पगार तोच ठेवला आणि सांगितलं की दादा, माझ्या गाडीच्या फक्त काचा आणि चाकं करा, रंगाला हात लावू नका. आधी त्याला वाटलं मी नाराज आहे, मग उन्हात बोनेट दाखवलं शेजारच्या काळ्या गाडीशेजारी उभं करून, त्याला पटलं. आता तोच दुसऱ्यांना सांगतो.

रविवारी मी स्वतः धुते. आधी नुसतं पाणी, वरून खाली, माती जितकी निघेल तेवढी हात न लावता. मग दोन बादल्या, एकीत शॅम्पू, एकीत साधं पाणी, मिट (धुवायचा मऊ हातमोजा) रंगावर फिरवला की आधी साध्या पाण्यात झाडायचा आणि मग शॅम्पूत. पाणी कमी असेल तर रिन्सलेस वॉश मिळतं, एका बादलीत गाडी होते. ओल्या गाडीवर मोठा मायक्रोफायबर टॉवेल नुसता पसरायचा आणि उचलायचा, घासायचा नाही. टॉवेल घरच्या कपड्यांबरोबर मशीनला लावू नका, कम्फर्ट तर अजिबात नको, तो पाणी शोषणं बंद करतो.

आणि पाणी! आमच्याकडे बोअरिंगचं पाणी येतं, नळाखाली पांढरा थर बसतो असं. काळ्या गाडीवर ते वाळलं की पांढरे ठिपके आणि उन्हात वाळलं तर ते क्लिअरमध्ये खड्डा करतात, मग पॉलिशनेच जातात. शेवटचं पाणी तरी नर्मदेचं, म्हणजे नळाला येणारं, घ्या. काही लोक आरओचं वाया जाणारं पाणी साठवून गाडी धुतात, पाणी वाचवायचा हेतू चांगलाच आहे, पण आरओ बहुतेक क्षार त्याच पाण्यात सोडतो, ते आत गेलेल्या पाण्यापेक्षाही जड असतं. ते लादी पुसायला वापरा, काळ्या गाडीला नको.


काळी_व्हर्ना_रामबाग

खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काका, मागचा डावा दरवाजा रंगवलेला आहे, जवाहर मार्गावर एका लोडिंग रिक्षाने घासला होता. लिहायचं राहिलं.

ताई, आमच्याकडे पुसणारा वगैरे नाही, मीच धुतो, पण कव्हर रोज घालतो-काढतो. त्याने पण होतं का?


सुदामानगरकर_ताई

होतं ना. गाडी स्वच्छ असेल आणि आतून मऊ कापडाचं कव्हर असेल आणि गाडी बंद पार्किंगमध्ये असेल तर ठीक. गल्लीत धुळीच्या गाडीवर रोज कव्हर ओढलं आणि वाऱ्याने ते दिवसभर फडफडलं की तेच सॅंडपेपरचं काम करतं. त्यात सध्या मेट्रोच्या कामाची धूळ. मी तर म्हणेन गल्लीत कव्हरच नको, धूळ बसू दे, धूळ नुसती बसली तर काही करत नाही, ओढली की करते.


काळ्या_मातीचा

ताईंशी बाकी सहमत पण कव्हरवर नाही. रामबागेत झाडं आहेत, कबुतरं आहेत, ऊन आहे. पक्ष्याची घाण उन्हात दोन तास राहिली तर क्लिअर खाते, तो डाग पॉलिशनेही पूर्ण जात नाही कधी कधी. त्यापेक्षा मला स्वर्ल परवडले, स्वर्ल निघतात. दुपारी गाडी उन्हात उभी असेल तर कव्हर नसलं की छत आणि बोनेटचं काय होतं ते जुन्या लाल गाड्यांवर बघा.

आणि डीए भाऊ, सिरॅमिकवर जरा जास्तच कडक बोललात. झाकत नाही हे बरोबर. पण आधी नीट करेक्शन करून मग सिरॅमिक लावलं तर माती चिकटत कमी, धुताना घासावं कमी लागतं, म्हणजे नवीन रेघा कमी. माझ्या गाडीवर मला हा फरक जाणवतो, विशेषतः पावसाळ्यात, आपली काळी माती सुकली की सिमेंट होते, ती आता पाण्याच्या प्रेशरनेच उतरते.


निपानियाचा_डीए

सिरॅमिकला माझा विरोध नाही भिया, ते स्वर्ल घालवतं असं सांगून विकायला विरोध आहे. ते 9एच-9एच करतात ना, ती पेन्सिलची कडकपणाची टेस्ट आहे, 9एच पेन्सिलने ओरखडा उठत नाही एवढाच अर्थ. धुळीतल्या वाळूचा कण त्याहून खूप कडक असतो, तो सिरॅमिकवरही रेघ ओढतोच. खरंच ओरखडे अडवायचे असतील तर पीपीएफ म्हणजे पेंट प्रोटेक्शन फिल्म, ती 150-200 मायक्रॉनची फिल्म असते, चांगल्या फिल्मवरचे बारीक स्वर्ल उन्हाच्या गरमीने आपोआप भरतातही, पण पूर्ण गाडीला लाखाच्या घरात जातं. चार वर्षांच्या गाडीला मी तरी सांगणार नाही. करेक्शन करा, वर साधा चांगला सीलंट (रंगावरचा संरक्षक थर) मारा, दर तीन-चार महिन्यांनी स्वतःच परत मारा, पाचशे-हजारची बाटली वर्षभर पुरते. पैसे उरले तर सिरॅमिक पुढच्या वर्षी.

कव्हरवर काळ्या मातीवाल्यांचं पटतं मला, ऊन आणि कबुतरं असतील तर कव्हर हवंच, पण मऊ अस्तराचं, खाली पट्ट्याने आवळलेलं, म्हणजे फडफडत नाही.


काळी_व्हर्ना_रामबाग

अपडेट देतो. तुम्ही सांगितलेले प्रश्न घेऊन शनिवारी फिरलो. ते पंचवीस हजारवाले, त्यांना टेस्ट स्पॉट मागितला तर म्हणाले आम्ही असं करत नाही, ब्रँड बघा आमचा. बाहेर पडलो.

मग बायपासच्या बाजूला एक छोटंसं दुकान, एकच शटर, आत एकच गाडी. मुलगा पंचविशीचा असेल. मी काही विचारायच्या आधी त्यानेच गाडी धुतली आणि म्हणाला काका येईपर्यंत... म्हणजे त्याचे काका दुकान बघतात, पण मशीन हाच चालवतो, हे मी विचारून घेतलं. गेज लावला. बोनेट 108 ते 115, छत 104, आणि मागच्या डाव्या दरवाज्यावर टेकवला तर 236. मी काही बोललोच नव्हतो, तोच म्हणाला हा दरवाजा बाहेर रंगवलाय, इथे मी डीएच (ड्युअल अॅक्शन, रोटरीपेक्षा सौम्य मशीन) चालवेन आणि हळू. बंपरवर गेज लावलाच नाही.

मग बोनेटवर टेप लावली. पहिल्यांदा फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोमने बघितलं, पन्नास टक्केच गेलं. मग मायक्रोफायबर पॅड आणि मध्यम कंपाउंड, मशीनचा वेग कमी, हात इतका हळू चालवत होता की मला वाटलं मशीन बंद पडलंय. चार वेळा आडवं-उभं. मग परत मऊ फोम. आयपीए मारला, पुसलं, आणि गाडी शटरबाहेर उन्हात काढली. टेप काढल्यावर जे दिसलं ते मी अजून विसरलो नाहीये. डावीकडे तेच जाळं आणि टेपच्या रेघेवर एकदम तुटलेलं, उजवीकडे नुसता काळा, त्यात समोरच्या विजेच्या खांबाची तार स्पष्ट दिसत होती, तारेवरची गाठ पण. दोन रेघा राहिल्यात, नख अडकणाऱ्या, त्या त्याने स्वतःहून दाखवल्या आणि म्हणाला या मी काढणार नाही. काका, अगदी तुमचंच वाक्य.

बाबांना व्हिडिओ कॉल करून दाखवलं. ते म्हणाले शोरूममधून आणली त्या दिवशीसुद्धा अशी नव्हती.

बारा हजार म्हणाला, दोन दिवस गाडी ठेवावी लागेल, सीलंट धरून. सिरॅमिक विचारलं तर म्हणाला आधी सहा महिने नीट धुऊन बघा, मग बोलू. आता प्रश्न एवढाच की रंगपंचमी तोंडावर आलीये, आत्ता करू की नंतर? आणि बारा जास्त आहेत का?


बूथवाला_काका

बारा योग्य आहेत. दोन दिवसांची मजुरी, पॅड, कंपाउंड, आणि जो माणूस "हे मी काढणार नाही" म्हणतो त्याला घासाघीस करू नये असं माझं मत. पोरगं शिकलेलं दिसतंय, त्याला टिकू द्या.

करा नंतर. गुलालात चमकीसाठी अभ्रक घालतात, ताज्या पॉलिशवर तो बसला आणि कोणी हात मारला की झालं. रंगपंचमीला गाडी रामबागेत ठेवूच नका, गेरचा रंग राजवाड्यावरून वाऱ्याने कुठवर येतो ते तुम्ही बघितलंयच. आदल्या रात्री कोणा नातेवाइकाकडे लांब नेऊन उभी करा.


सुदामानगरकर_ताई

सुदामा नगरला आणा, आमच्या पार्किंगमध्ये एक जागा रिकामी असते, खरंच सांगतेय, मेसेज करा. आणि तरी गुलाल बसलाच तर फडकं नाही, ब्लोअर नाही, आधी फक्त भरपूर पाणी, आणि पाणी रंगीत यायचं थांबेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही.


काळी_व्हर्ना_रामबाग

ताई, नक्की आणतो. दुकानातल्या मुलाला फोन करून रंगपंचमीनंतरचा सोमवार-मंगळवार घेतलाय, अॅडव्हान्स दोन हजार दिलाय. मागच्या दरवाज्याचा वेगळा टेस्ट स्पॉट करायला सांगितलंय, तो म्हणाला करणारच होतो. झाल्यावर दुपारच्या उन्हातले फोटो टाकतो, पाणी न मारता.


पलासिया_ते_पाटणीपुरा

फोटो टाकाच, आणि त्याचा नंबर मेसेजमध्ये द्या, तुमच्या मागचा बुधवार माझा.